आखाडा आणि रंगमंच : कोल्हापूरच्या एका नाट्यगृहाची कथा

#थ्रेड

१/ ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील एका नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्या नटाचे नाव त्या वास्तूला होते त्याची जयंती होती. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. त्या रात्री नेमके काय जळाले, हे समजण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

२/ १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त राजर्षी शाहू महाराज इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोममधील कलोसियमचे भग्न अवशेष पाहिले. हजारो लोकांना एकत्र बसवणारी ती रचना त्यांच्या मनात घर करून राहिली.

३/ तिचे फळ म्हणजे १९१२ मध्ये साकारलेले खासबाग कुस्ती मैदान. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवती वर चढत जाणारी बैठक. अगदी मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही पैलवानाचा डाव स्पष्ट दिसावा, ही त्यामागची दृष्टी.

४/ महाराज एवढ्यावर थांबले नाहीत. मैदानाला लागूनच त्यांनी नाट्यगृह उभारण्यास घेतले. १९१५ मध्ये ते खुले झाले. नाव होते ‘पॅलेस थिएटर’. एका बाजूला शड्डूचा आवाज, दुसऱ्या बाजूला ऑर्गनचे सूर! बल आणि कला यांना शेजारी बसवणारी ही रचना म्हणजे एका राजाचा सांस्कृतिक विचारच होता.

५/ आता त्या नटाकडे वळू. केशवराव भोसले यांचा जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. घरची गरिबी. बालवयातच ते ‘स्वदेशहितचिंतक’ नाटक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या ‘शारदा’मधील नायिकेच्या भूमिकेने गाजले. १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापन केली.

६/ ८ जुलै १९२१. मुंबई. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, तर केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन नायक एकाच रंगमंचावर! मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासातील हा प्रयोग आजही आदराने स्मरला जातो.

७/ दुर्दैव असे की, त्यानंतर तीन महिनेही पूर्ण होत नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले. वय केवळ ३१. पुढे ‘ललितकलादर्श’ची धुरा बापूराव पेंढारकरांनी वाहिली.

८/ १९५७ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ला केशवरावांचे नाव देण्यात आले. हा बदल साधा नव्हे. राजवाड्याची आठवण सांगणारे नाव मागे पडले आणि त्या जागी याच शहरातील एका गरीब घरातून वर आलेल्या नटाचे नाव आले. बहुजनांच्या मुलांसाठी ज्ञानाची दारे उघडणाऱ्या राजाच्या वास्तूला याहून शोभणारे नाव कोणते असणार?

९/ म्हणूनच २०२४ च्या आगीत केवळ लाकूड आणि खुर्च्या जळाल्या नाहीत. छप्पर कोसळले, रंगमंच राख झाला, खासबागेलाही झळ बसली. दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या. कलावंत आणि रसिक डोळ्यांत पाणी घेऊन तेथे जमले, आणि ‘जसे होते तसेच उभारा’ अशी मागणी शहरातून पुढे आली. त्यानंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले.

१०/ वास्तू पुन्हा बांधता येते. परंतु तिच्यामागचा विचार प्रत्येक पिढीला नव्याने समजून घ्यावा लागतो. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचे दर्शन आणि तांबडा-पांढरा रस्सा यांबरोबर खासबागेतही जरूर जा. बैठकीवर क्षणभर बसा. समोर हौदा, शेजारी रंगमंच. कला ही मूठभरांची चैन नव्हे, ती साऱ्या गावाची आहे, हे या राजाने दगडात लिहून ठेवले आहे. ते वाचणे आता आपल्या हाती.