लॅटिन मिस्सा आणि मराठी ओवी : कॅथलिक उपासनासंगीताचा एक दुर्लक्षित धागा

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची (१६१६) चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने भाषेच्या अंगाने होते. हा ग्रंथ श्रोत्यांसमोर म्हणण्यासाठी रचला गेला, हे मागे पडते. साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्यांना जुन्या पुराणांच्या जागी नवे पुराण हवे होते, असे ग्रंथातच सूचित झाले आहे. एकनाथांच्या निधनानंतर (१५९९) अवघ्या सतरा वर्षांत एका इंग्रज जेझुइटाच्या सुमारे अकरा हजार ओव्या छापल्या गेल्या. जनाबाईच्या गंगाखेडच्या कानालाही हा छंद परका वाटू नये.

तथापि मिस्सा या मुख्य उपासनाविधीत ओवीला स्थान नव्हते. वेदीवरील भाषा लॅटिनच राहिली. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवले जाई, ते चर्चमधील गायनवादनासाठी. (याच शिक्षणाने पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतास वादक पुरवले, हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे.)

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला वाट दिली. त्याने लॅटिन हद्दपार केली, हा समज मात्र चुकीचा होय. कलम ३६ लॅटिन राखावयास सांगते, ११६ ग्रेगोरियन गायनास अग्रस्थान देते, तर ११९ स्थानिक संगीतपरंपरांचा आदर करावयास सांगते. व्यवहारात पहिली दोन कलमे विस्मृतीत गेली.

परभणी जिल्हा ज्यात येतो तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा, म्हणजे परिषदेनंतरचा. वसईचे तसे नाही. तेथे बालपणी लॅटिन मिस्सा गायलेली पिढी आज सत्तरीपुढे आहे; तिच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण इतिहास विभागांनी विनाविलंब हाती घ्यावयास हवे.