तिएपोलोचा ‘मोशेचा शोध’ : एका खंडित चित्राचा विचार

जोव्हानी बात्तिस्ता तिएपोलो (१६९६–१७७०) या व्हेनिसच्या चित्रकाराचे ‘मोशेचा शोध’ हे चित्र एडिंबरो येथील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. धार्मिक विषयाचे गांभीर्य रोकोको शैलीने कसे घालविले, हे दाखविण्यास अशी चित्रे पुढे केली जातात. परंतु एडिंबरोस जे दिसते ते तिएपोलोने रंगविलेले संपूर्ण चित्र नव्हे. आणि ही गोष्ट असल्या निष्कर्षाच्या मुळाशीच जाऊन भिडते.

कथा ‘निर्गम’ ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातील आहे. इब्री लोकांचे नवजात मुलगे नदीत टाकावेत अशी फारोची आज्ञा झाली असता एका मातेने तीन महिने लपविलेले आपले मूल लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीकाठी ठेवले. स्नानास आलेल्या फारोच्या कन्येस ते सापडले. ज्याने मृत्यू फर्माविला त्याच्याच घरात मूल वाढावे, हे कथेचे मर्म होय.

चित्रातील राजकन्या मात्र ईजिप्तची नव्हे. तिचा भरजरी पोशाख आणि मानेभोवतीची उंच चुणीदार कॉलर ही १६ व्या शतकातील होत. वेरोनेझे (१५२८–१५८८) याने हाच विषय अनेकवार रंगविला होता आणि तिएपोलोने त्याचेच वळण गिरविले. येथे एक गोष्ट विसरली जाते. तिएपोलोने हे चित्र १७३० नंतरच्या दशकात काढले असे सामान्यतः मानतात. त्या वेळी हा वेश सुमारे दीडशे वर्षांचा जुना झाला होता. तेव्हा त्यास अज्ञान म्हणता येत नाही, की समकालीन फॅशनचा हव्यासही म्हणता येत नाही. व्हेनिसच्या ओसरलेल्या वैभवाचे ते हेतुपूर्वक केलेले स्मरण आहे. त्या सर्व डौलात मूल उलटे धरलेले असून आकांत करीत आहे! हा विनोद खराच, पण निरर्थक नव्हे. त्या घोळक्यात जिवावरच्या संकटातून आलेले तेवढे एकच आहे.

आता खंडित भागाविषयी. चित्राची उजवी बाजू नंतरच्या काळात कापून काढण्यात आली. निसर्गदृश्यात उभा असलेला एक भालदार दाखविणारा तो भाग आज तूरिन येथील आन्येल्ली चित्रसंग्रहात आहे, आणि मूळ रचना कशी होती हे श्टुटगार्ट येथील जुन्या प्रतिकृतीवरून कळते. एडिंबरोच्या चित्राची रुंदी सुमारे ३४२ सेंटिमीटर, तूरिनच्या तुकड्याची सुमारे १३२. म्हणजे मूळ रुंदीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग गेला.

या छेदाने केवळ आकार घटला नाही. मूळ रचनेत राजकन्येचा परिवार आजच्यापेक्षा बराच डावीकडे होता. पलीकडे मोकळा प्रदेश पसरला होता आणि त्यात तो शस्त्रधारी उभा होता. मोकळी जागा गेल्याबरोबर उरलेला समूह दाटला आणि चित्र दरबारी सहलीसारखे भासू लागले. भालदार हा अशा राजपरिवाराच्या चित्रांतील नित्याचा अलंकार आहे, असा आक्षेप येईल. तो मला अंशतः मान्य आहे. तिएपोलोने त्यास फारोच्या आज्ञेचे प्रतीक म्हणून योजले असे सिद्ध करता येणार नाही. तथापि ज्या मुलाचा वध राजाज्ञेने ठरला आहे त्याच्यापासून काही अंतरावर राजाचा शस्त्रधारी उभा आहे, हे पाहणाऱ्यास डावलता येत नव्हते. आज ते डावलावे लागतच नाही. तूरिनच्या प्रेक्षकापुढे उरतो तो निसर्गातील एकटा सैनिक; तो कोणाच्या रक्षणास उभा आहे, याचा त्या तुकड्यात मागमूसही नाही.