डब्यातून टाकीत

२८ मे १९०७. आयरिश समुद्रातल्या मॅन बेटावर, सेंट जॉन्स गावाच्या रस्त्यावर तुम्ही उभे आहात. हातात दोन गॅलनचा पत्र्याचा चौकोनी डबा आहे, साधारण नऊ लिटरचा, वर पितळी बूच. पत्र्यातच अक्षरं उठवलेली आहेत: पेट्रोलियम स्पिरिट, अत्यंत ज्वालाग्राही. रंग उडाला तरी इशारा राहावा अशी सोय.

समोर पहिल्यावहिल्या टीटी मोटरसायकल शर्यतीच्या गाड्या रांगेत लागल्यात. शर्यत दहा फेऱ्यांची, सुमारे २५४ किलोमीटरची, पण पेट्रोल मोजून मिळणार. एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनमागे ९० मैल जायचं, दोन सिलिंडरवालीने ७५. म्हणजे एका सिलिंडरवाल्याच्या वाट्याला सगळं मिळून आठ लिटर. आपल्याकडे नवी गाडी बघताना ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आधी विचारला जातो आणि रेसिंगवाले त्याला हसतात. त्यांना या दिवशी इथे आणून उभं करावं.

मध्ये दहा मिनिटांचा सक्तीचा थांबा आहे. स्वार खाली उतरतो, चेहरा धुळीने माखलेला. तुम्ही फनेल लावता. हात थरथरू देऊ नका. इथे सांडलेला प्रत्येक थेंब म्हणजे कमी झालेलं अंतर, म्हणून तर ही माणसं एवढ्या जपून ओततायत. आगीचा विचार कुणाच्या डोक्यात दिसत नाही. मागे एक जण पाइप ओढत उभा आहे. इंजिन इतकं तापलंय की हात धरवत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते, ती वर जात नाही. टाकीच्या कडेवरून घरंगळते, जमिनीलगत पसरते आणि पाइपवाल्याच्या बुटांपर्यंत पोचते. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे बेटावरच्या गार हवेचा इथे काही उपयोग नाही. त्या माणसाला बाजूला व्हायला सांगा. तो खांदे उडवेल, तरी सांगा. चार तास आठ मिनिटांनी चार्ली कोलियर मॅचलेस गाडीवर जिंकेल, सरासरी ताशी ६१ किलोमीटरने, आणि दिलेल्या पेट्रोलमधलं थोडं त्याच्याकडे उरलेलं असेल.

पुढचा मुक्काम थोडकाच. ऑक्टोबर १९२४, अमेरिकेतल्या न्यू जर्सीतला बेवे तेलशुद्धीकरण कारखाना. जास्त दाबलं की पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि इंजिन ठोके देतं, हे शर्यतवाल्यांचं जुनं दुखणं. थॉमस मिजलीने १९२१मध्ये त्यावर उतारा शोधला, शिशाचं एक तेलकट संयुग: टेट्राएथिल लेड. चिमूटभर मिसळलं तरी ठोके थांबतात. वास गोडसर आहे, हुंगू नका. ते कातडीतूनही आत शिरतं. इथले कामगार भ्रमिष्ट होऊन नसलेल्या माश्या हाकलतायत, पाच जण मरणार आहेत. या महिन्याच्या शेवटी मिजली पत्रकारांसमोर त्याच रसायनाने हात धुऊन दाखवेल. हे धाडस नव्हे, बनवाबनवी होती असं माझं मत. ५०० सीसी ग्रांप्रीतून शिसं हद्दपार व्हायला १९९८ उजाडावं लागलं. जुन्या शर्यतीच्या इंधनाचा सीलबंद डबा कुठे सापडलाच, तर हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नका, आणि त्याने हात किंवा सुटे भाग धुणं तर नाहीच.

चला इथून.

१० सप्टेंबर १९३६, लंडन, वेम्बली स्टेडियम. रात्र आहे आणि दिव्यांच्या झोतात राखेचा लंबगोल ट्रॅक काळा चमकतोय. स्पीडवेची पहिली जागतिक अंतिम फेरी. गाड्यांना ब्रेक नाहीत. शर्यत फक्त चार फेऱ्यांची, म्हणून टाकी तळहातावर मावेल एवढी. हवेत एरंडेलाचा जळका, गोड वास भरून राहिलाय, कारण मिथेनॉलवरच्या या ५०० सीसी जॅप इंजिनांत एरंडेलाचंच वंगण घालतात. मी हा वास एकदा घेतला आणि मग साध्या गाडीच्या धुराला कधी दाद दिली नाही.

आता तुमच्या हातातल्या डब्यात पेट्रोल नाही, मिथेनॉल आहे. पाण्यासारखं दिसतं, वास फिकट. ओतताना हाताला गार लागतं, आणि त्याचं मोल या गारव्यातच आहे: वाफ होताना ते पेट्रोलच्या तिप्पट उष्णता ओढून घेतं, इंजिन थंड राहतं, म्हणून सिलिंडरमध्ये दाब बेधडक वाढवता येतो. त्याची किंमतही आहे. एक किलो पेट्रोल जाळायला पावणेपंधरा किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आत. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त इंधन, आणि कार्ब्युरेटरमधली इंधनाची बारीक नळी, म्हणजे जेट, तेवढी मोठी. पेट्रोलच्या जेटवर मिथेनॉल चालवलंत तर पिस्टनला भोक पडेल.

शेजारच्या पिटमध्ये एक पोरगा एकदम हात झटकायला लागतो. काही दिसत नाही. धूर नाही, पिवळी जीभ नाही. त्याच्या बाहीवरची हवा तेवढी थरथरतेय, उन्हात तापलेल्या डांबरावर थरथरते तशी. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते. त्यात काजळी नसल्याने ती उजेडच देत नाही, आणि या झगझगीत दिव्यांखाली तर ती नाहीशीच होते. तुम्ही बादली उचलता. बरोबर केलंत: मिथेनॉल पाण्यात मिसळतं, भरपूर पाणी ओतलं की विझतं. १९०७च्या त्या रस्त्यावर हेच केलं असतं, तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आग घेऊन पळालं असतं. तिथे वाळू हवी होती. आजच्या पिटमध्ये फेस किंवा कोरडी पावडर.

आणखी एक गोष्ट, पिटमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला बहुधा अनुभवाने माहीत असलेली. अर्धा भरलेला पेट्रोलचा डबा बंद असेल, तर आतली वाफ इतकी दाट असते की तिला पेट घ्यायला हवाच पुरत नाही. मिथेनॉलच्या अर्ध्या डब्यात, साध्या हवामानात, वाफ आणि हवेचं प्रमाण नेमकं पेटण्याजोगं असतं. म्हणून तो उरलेलं मिथेनॉल लहान डब्यात भरतो, काठाच्या थोडं खाली, आणि लगेच बूच घट्ट करतो. ते हवेतलं पाणीही ओढतं, हे दुसरं कारण.

ट्रॅकवर ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन आपल्या पाचही शर्यती जिंकतो आणि तरी विजेता होत नाही, कारण आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण धरायचे असा नियम आहे. लायनल व्हॅन प्राग आणि एरिक लँग्टन यांच्यात निर्णायक शर्यत होते, व्हॅन प्राग जिंकतो. गर्दी ओरडत असताना मेकॅनिक खाली वाकून टाकी रिकामी करतोय, मग कार्ब्युरेटरमधून थोडं पेट्रोल फिरवतोय. मिथेनॉल रात्रभर राहिलं तर अ‍ॅल्युमिनियम खातं. त्याला नळीने तोंडाने ओढू मात्र देऊ नका. एका घोटाने डोळे जाऊ शकतात. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं ज्या दारूने मेली, तिच्यात हेच होतं.

मद्रासजवळचं शोलावरम, १९८०च्या दशकातला फेब्रुवारी. दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी, तापलेलं काँक्रीट, यामाहा आणि येझदींची तीक्ष्ण किंकाळी. मुंबई-पुण्याकडची पोरंही दिसतायत, गाडी ट्रेनने आणलेली. सावली फक्त छत्रीची, आणि उन्हात एक पांढरा प्लास्टिकचा कॅन, फुगलेला. बूच झटकन फिरवू नका! आधी सावलीत न्या, ओलं पोतं टाका, मग हळूहळू सैल करा. वीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर जवळजवळ चारशे मिलिलिटर वाढतं, म्हणून डबा कधी गच्च भरायचा नसतो. खरं तर हा कॅनच तिथे नको होता. १९३४चा पेट्रोलियम कायदा विनापरवाना, विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल ठेवू देतो, पण काच किंवा चिनी मातीच्या एक लिटरपर्यंतच्या भांड्यात, नाहीतर पंचवीस लिटरपर्यंतच्या धातूच्या डब्यात, घट्ट बूच लावून. कायद्याच्या त्या यादीत प्लास्टिक नाही.

आता तुमचं गॅरेज, आजचं, बाहेर पाऊस. शर्यतीच्या इंधनाचा घट्ट बुचाचा पत्र्याचा डबा फळीवर आहे, त्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहिलेली. उघडं राहिलं की त्यातले हलके, चटकन पेटणारे घटक आधी उडून जातात आणि गाडी पूर्वीसारखी सुरू होत नाही. ऊन लागलं की चिकटा धरतो. वीस टक्के इथेनॉलच्या पंपावरच्या पेट्रोलचं पावसाळ्यातलं दुखणं वेगळं: ओल पुरेशी शिरली की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं बसतं, आणि गाडी तळातलंच ओढते.

इंजिन गार झालंय. शटर वर. डबा फरशीवर टेकवलेला, नायलॉनचं जॅकेट काढून ठेवलेलं. धातूचं तोंड टाकीच्या काठाला टेकवून तुम्ही हळू धार धरता, म्हणजे साचलेली वीज ठिणगी न पडता निघून जाते.

तेवढ्यात दारात मित्र, हातात पाण्याची रिकामी बाटली.

“अर्धा लिटर दे ना रे. बुलेटमध्ये टाकून बघतो, उडेल.”

“नाही उडणार. तुझ्या इंजिनात दाबच तेवढा नाही, जास्त ऑक्टेन करणार काय?”

“तरी दे की थोडं. बघू तर.”

“बाटलीत नाही. गाडी इकडे ढकलत आण. आणि किल्ली फिरवू नकोस.”