इसार कोणाचा? राजाचं अपेंडिक्स आणि २०२० ची आखाजी

आजचा भाग लग्नाचा आहे. पण जेवणावळीचा नाही, पावतीचा.

२६ एप्रिल २०२० ला अक्षय्य तृतीया होती. आपल्या खानदेशातली आखाजी. लग्नाचा हक्काचा मुहूर्त. नंदुरबार, शहादा, तळोदा, कुठेही जा, या तारखेला मंगल कार्यालय हवं तर इसार बराच आधी द्यावा लागतो. २४ मार्चला रात्री आठ वाजता आपण काय ऐकलं ते सगळ्यांना आठवतंय. लॉकडाऊन आधी २१ दिवसांचा होता, मग ३ मेपर्यंत वाढला. आखाजी बरोबर मधे सापडली.

त्यानंतर महाराष्ट्रभर एकच संवाद झाला.

"भाऊ, इसार परत करा."

"दादा, पावती वाचा. खाली छापलंय, अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही."

चूक दोघांचीही नाही, पैसे मात्र एकाच्याच खिशात. मग कायदा काय म्हणतो? यासाठी आधी लंडनला जाऊ, कारण हेच भांडण तिथे ११८ वर्षं आधी झालं होतं. साथीमुळे नाही, एका माणसाच्या पोटदुखीमुळे.

जून १९०२. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक. २६ आणि २७ तारखेला मिरवणूक निघणार म्हणून रस्त्याकडेच्या घरांच्या खिडक्या भाड्याने गेल्या. हेन्री नावाच्या गृहस्थांनी पॅल मॅल रस्त्यावरच्या खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरवल्या, २५ पौंड आगाऊ दिले. २४ जूनला राजाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि मिरवणूक पुढे ढकलली. घरमालक क्रेल म्हणाला, खोल्या तर तयार आहेत, उरलेले ५० पौंड टाका. १९०३ मध्ये कोर्टाने सांगितलं, नाही. खोली शाबूत आहे, पण ज्यासाठी घेतली तेच उरलं नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा, नवापूरला लागणार आहे.

पण आधी दिलेल्या पैशाचं काय? त्याच मिरवणुकीवरून १९०४ मध्ये चँडलर विरुद्ध वेबस्टर हा निकाल आला. चँडलरने १०० पौंड आधीच भरले होते. कोर्ट म्हणालं, गेले ते गेले. वर ठरलेली बाकीही द्यायला लावली! इंग्लंडने हा नियम मोडीत काढला तो थेट १९४२ मध्ये, फिब्रोसा नावाच्या पोलिश कंपनीच्या खटल्यात.

आणि आपल्याकडे? भारतीय करार कायदा १८७२ चा. कलम ५६ सांगतं, कराराची गोष्ट नंतर अशक्य झाली तर करार रद्द. कलम ६५ सांगतं, करार असा रद्द झाला तर त्यातून ज्याला जे मिळालं ते त्याने परत करायचं किंवा भरपाई द्यायची. कायद्यातलं उदाहरण भारी आहे. गायकाने कार्यक्रमासाठी १,००० रुपये आगाऊ घेतले आणि तो आजारी पडला. नुकसानभरपाई नको, पण १,००० परत दे. म्हणजे इंग्लंडला जे १९४२ मध्ये सुचलं ते आपल्या कायद्यात ७० वर्षं आधीच लिहिलेलं. मी कोड लिहिणारा माणूस, मला यात व्यवस्थित एक्सेप्शन हँडलिंग दिसतं.

आता नवापूर. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये, हे आपल्याला माहितीच आहे. समजा मुलगी नवापूरची, मुलगा सुरतचा. हॉल तयार आहे, पण वऱ्हाडाला हद्द ओलांडायची परवानगी नाही. हॉलवाला म्हणणार, माझ्याकडून काय कमी होतं? हेच क्रेल म्हणत होता.

एप्रिल २०२० चं प्रकरण त्या मानाने सरळ आहे. सरकारनेच बंद केलं, विषय संपला. पावतीवरची ती ओळ, माझ्या मते, गिऱ्हाइकाने स्वतःहून रद्द केलं तर लागू; सरकारने कुलूप लावलं तर नाही.

खरी गुंतागुंत पुढे झाली. मे २०२० मध्ये ५० माणसांत लग्नाला परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत, २२ एप्रिल २०२१ पासून, महाराष्ट्रात फक्त २५ माणसं, तेही दोन तासांत, मोडलं तर ५०,००० रुपये दंड. आता ५०० पानांसाठी घेतलेल्या लॉनवर २५ माणसं. करार अशक्य झाला का? सुप्रीम कोर्टाने १९५३ मध्ये सत्यब्रत घोष प्रकरणात सांगितलंय की 'अशक्य' म्हणजे अक्षरशः अशक्य असंच नाही, कराराचा पायाच उखडला तरी पुरे. पण नुसतं महाग पडलं, गैरसोय झाली, हे चालत नाही. माझ्या मते ५०० चे २५ झाले तर पाया गेला. ५०० चे ४०० झाले असते तर नसता गेला. मधली रेघ कुठे, यावरच भांडणं झाली. विमान तिकिटांच्या रिफंडवर सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला देशभरासाठी एकच निकाल दिला. लग्नाच्या हॉलसाठी तसं काही झालं नाही, ज्याचं त्याने ग्राहक आयोगात जायचं.

त्यासाठी वाट मात्र सोपी झाली होती. नवा ग्राहक कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला आणि तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येऊ लागली. सुरतच्या नवरदेवाला नंदुरबारला खेटे घालायला नकोत. मुदत दोन वर्षांची, पण १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सुप्रीम कोर्टाने मोजणीतून वगळला.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात आली नाही. हॉलवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, "डिसेंबरची तारीख देऊ?" आणि आपण "चालेल" लिहिलं, तर कलम ६२ प्रमाणे तो नवा करार ठरू शकतो. मग जुन्या तारखेचा इसार मागणं अवघड. घाईत टाकलेला अंगठ्याचा इमोजीसुद्धा आयोगासमोर वाचला जाऊ शकतो.

हॉलवाल्याचीही बाजू आहे. त्याने आचाऱ्याला, मांडववाल्याला इसार पुढे दिलेला असतो, तो त्याला कोण परत देणार? इंग्लंडने १९४३ च्या कायद्यात सोय केली की झालेला खर्च कोर्ट वजा करू देऊ शकतं. आपल्या कलम ६५ मध्ये तशी स्पष्ट ओळ नाही. आणि धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर लग्न अंगणातच लागतं. तिथे हॉल नाही, पावतीही नाही. बँडवाल्याच्या हातात दिलेले रोख पैसे, आणि साक्षीला गावातली चार माणसं.