ऐक्याचे आचार्य : संत इरेनियस

(सण : २८ जून)

ख्रिस्तसभा दरवर्षी २८ जून रोजी संत इरेनियस ह्यांचा सण साजरा करते. 'इरेनियस' हे नाव 'शांती' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. ह्या नावाला ते कसे जागले, हे आज आपण पाहू या.

इरेनियस ह्यांचा जन्म दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात आशिया मायनरमध्ये झाला. बालपणी त्यांनी स्मर्ना (आजच्या तुर्कस्थानातील इझमीर) येथील बिशप संत पॉलिकार्प ह्यांची प्रवचने ऐकली. पॉलिकार्प हे प्रेषित योहानाचे शिष्य होते. गुरुजी कोठे बसत, कसे चालत, योहानाच्या आठवणी कशा सांगत, हे सारे आपल्याला अलीकडच्या घटनांपेक्षाही स्पष्ट आठवते, असे इरेनियस ह्यांनी पुढे एका पत्रात लिहिले.

पुढे ते गॉल प्रांतातील (आजच्या फ्रान्समधील) लियों येथे धर्मगुरू झाले. इ. स. १७७ मध्ये, सम्राट मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीत, तेथील ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस तुरुंगात मरण पावले. ब्लँडिना नावाच्या दासीने रक्तसाक्ष दिली. त्या सुमारास इरेनियस लियोंच्या श्रद्धावंतांचे पत्र घेऊन रोमला पोप एल्युथेरस ह्यांच्याकडे गेले होते. परतल्यावर त्या जखमी मेंढराची धुरा त्यांच्याच खांद्यावर आली.

छळापाठोपाठ दुसरे संकट उभे राहिले. हे जग व मानवी शरीर वाईट असून तारण केवळ गुप्त ज्ञानाने मिळते, अशी शिकवण नॉस्टिक पंथ देत होते. तिचे खंडन इरेनियस ह्यांनी 'पाखंडांविरुद्ध' ह्या पाच खंडांच्या ग्रंथात केले. निर्माणकर्ता व तारणारा देव एकच आहे. शुभवर्तमाने चार आहेत. प्रेषितांची शिकवण कोणा निवडक लोकांचे गुपित नसून बिशपांच्या अखंड परंपरेतून सर्वांसमोर उघडपणे चालत आली आहे, हे त्यांनी ठामपणे मांडले. आदामाने गमावलेले ख्रिस्तात परत मिळाले आणि हव्वेच्या अवज्ञेची गाठ मरियेच्या आज्ञापालनाने सुटली, हा त्यांचा विचार आजही आपल्या धर्मशिक्षणाचा भाग आहे.

श्रद्धेच्या बाबतीत तडजोड न करणारे हेच इरेनियस सुमारे इ. स. १९० मध्ये शांतीचे दूत झाले. आशिया मायनरचे ख्रिस्ती निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी, वार कोणताही असो, पास्काचा सण पाळीत. रोममध्ये तो रविवारी होई. ह्या कारणावरून पोप व्हिक्टर आशियातील ख्रिस्तसभांशी संबंध तोडू पाहत होते. तेव्हा इरेनियस ह्यांनी त्यांना आदरपूर्वक पण स्पष्ट पत्र लिहिले. रोमची रविवारची प्रथा त्यांना स्वतःला मान्य होती. तरीही त्यांनी जुनी आठवण करून दिली : पॉलिकार्प रोमला आले असता पोप अनिसेटस ह्यांच्याशी ह्या प्रश्नावर त्यांचे एकमत झाले नाही, तरी दोघांनी एकत्र ख्रिस्तप्रसादविधी साजरा केला व ते शांतीने निरोप घेऊन गेले. उपवासाच्या रीतींतील भिन्नता श्रद्धेतील ऐक्याचीच साक्ष देते, असा इरेनियस ह्यांचा युक्तिवाद होता.

सुमारे इ. स. २०० नंतर त्यांचे निधन झाले. २१ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना 'ऐक्याचे आचार्य' ह्या उपाधीसह ख्रिस्तसभेचे आचार्य घोषित केले. पूर्वेत जन्मून पश्चिमेत सेवा केलेला हा बिशप दोन्हींमधील सेतू ठरला.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स बांधव आणि आपण आजही बहुतेक वर्षी ईस्टर वेगवेगळ्या दिवशी साजरा करतो. आपल्या धर्मग्रामांतही रीतिरिवाजांवरून मने दुरावतात. अशा वेळी आपण संत इरेनियस ह्यांच्याकडून विवेक मागू या : श्रद्धेचे सत्य कोणते आणि केवळ आपली सवय कोणती, हे ओळखण्याचा.