शिबामचा चुना, मराठवाड्याचं जोतं

मराठवाड्यातल्या चाऊस मंडळींचं मूळ येमेनमधल्या हद्रमौतचं. निजामाच्या फौजेत चाकरीला आलेले हे अरब इथेच रुजले. त्यांच्या शिपाईगिरीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. मला मात्र कुतूहल आहे ते त्यांच्या मायदेशातल्या गवंड्यांचं.

हद्रमौतमधलं शिबाम कच्च्या विटांच्या सहा-सात मजली घरांसाठी प्रसिद्ध आहे. आजची बरीच घरं 16व्या शतकातल्या पुरानंतर उभी राहिली. पुराची धास्ती असलेल्या गावानं पुन्हा मातीचीच घरं बांधली! पण पाया दगडाचा, आणि दगड सांधायला लाकडाची राख घातलेला चुना.

राख कशाला? नुसता चुना हवेतला कर्बवायू घेत घेत घट्ट होतो. जमिनीखाली हवा पुरेशी पोचत नाही, तिथे तो फार काळ मऊ राहतो. राखेच्या जोडीनं तो ओलीतही धरतो. आपल्याकडे हेच काम सुरखी करते, म्हणजे भाजक्या विटेची भुकटी. घाणीवर बैलांनी मळलेला असा चुना गढ्यांना, मशिदींना परवडायचा. गरिबाच्या घराचा दगड चिखलातच बसायचा.

त्या चिखलाची धास्ती आपल्याला 1993 साली बसली. किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर लोकांचा भरवसा सिमेंटवर गेला, त्याला मी नावं ठेवणार नाही. नवं घर त्यातच बांधावं. पण पांढऱ्या मातीच्या भिंतीखालचं जुनं जोतं वेगळं. आपला काळा दगड ओल फारशी शोषत नाही. जमिनीतून चढणाऱ्या ओलीला बाहेर पडायला वाट सांध्यांचीच. तिथे सिमेंटच्या दर्जा भरल्या की ओल आत कोंडते, वर मातीत चढते, खार फुटतो आणि भिंत तळातून झडू लागते. वरून जोतं मात्र ठणठणीत दिसतं. जुन्या मशिदींच्या दुरुस्तीत हे मी वारंवार पाहतो, आणि वर्गणी देणाऱ्यांना तो गुळगुळीत सांधाच आवडतो.

म्हणून कुणी विचारलं, तर मी आधी एक सांधा खरवडून पाहायला सांगतो. आत चुना निघाला तर चुना-सुरखीच भरायची. माती निघाली तर आधी पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर काढायचं, मग मऊ चुन्याच्या दर्जा. काम पावसाळ्याच्या बरंच आधी उरकायचं, आणि चुना धरेपर्यंत ओली गोणपाटं अंथरायची.