घरचा रंग आणि निळाऱ्याचा रांजण

जुन्या काळीं घरोघर कपडे रंगवीत असत आणि विलायती रंगानें ती विद्या बुडविली, असें आपण नेहमीं ऐकतों. मीं स्वतः वर्गांत मुलांना पुष्कळ वर्षें तेंच सांगितलें. निवृत्त झाल्यावर या विषयाकडे सवडीनें पाहिलें, तेव्हां हें म्हणणें अर्धेंच खरें आहे असें दिसून आलें. घरांत रंग होत असे, परंतु कोणता?

बायकांच्या हातचा रंग मुख्यतः हळदीचा, पळसफुलांचा आणि कुसुंब्याचा. हळदीस खटपट कांहींच नाहीं. पण ती उन्हांत विटते, आणि साबण लागतांच तांबडी होते. कुसुंब्याची कृति मात्र रसायनशाळेंत शोभावी अशी आहे. करडईच्या फुलांत पिवळा व तांबडा असे दोन रंग असतात. फुलें फडक्यांत बांधून पाण्यानें चोळचोळून धुतलीं म्हणजे पिवळा निघून जातो. मग पापडखार चोळला कीं तांबडा पाण्यांत उतरतो. आणि त्यांत लिंबू पिळलें कीं तो पाणी सोडून कापडाला बिलगतो. खार आणि आम्ल यांची व्याख्या कधीं न ऐकलेल्या बाईला त्यांचा उपयोग अचूक ठाऊक होता! एवढें करूनही तो गुलाबी रंग उन्हांत टिकत नसे. सणापुरता रंग, सणापुरती हौस.

पक्का रंग घराबाहेरचा. पक्का तांबडा मंजिष्ठेच्या किंवा आलीच्या मुळांतून निघे, आणि तो सुतावर बसविण्यासाठीं आधीं हिरडा व तुरटी यांचे हात द्यावे लागत. ही विद्या फार जुनी. मोहेंजोदारो येथें रुप्याच्या भांड्याला चिकटून राहिलेली सुती कापडाची जी चिंधी सांपडली, ती मंजिष्ठेच्या जातीच्या रंगानें रंगविलेली ठरली. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांचा हा वारसा.

निळीचें तंत्र तर याहून अवघड. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. रांजणांत चुना, गूळ इत्यादि घालून ती आंबवावी लागते. त्यांतून कापड निघतें तें हिरवट-पिवळें, आणि वारा लागतां लागतां डोळ्यांदेखत निळें होतें. रांजण बिघडला कीं सगळा माल गेला. शिवाय त्याची दुर्गंधि! असलें पात्र माजघरांत कोण ठेवील? म्हणून तें काम निळारी आणि रंगारी यांचें. बापाकडून मुलाकडे आलेलें.

१८५६ सालीं लंडनमध्यें विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिंवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीनें करूं पाहत होता. क्विनीन साधलें नाहीं, जांभळा रंग मात्र हातीं लागला. पुढें १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेंतील रंगद्रव्य डांबरापासून होऊं लागलें, आणि १८९७ सालीं जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारांत आली. आलीच्या पिकासाठीं माळवा-वऱ्हाडचा शेतकरी तीन-तीन वर्षें जमीन अडकवून ठेवी. तें पीक मातीमोल झालें. १९१४ च्या महायुद्धांत जर्मन माल थांबला तेव्हां देशी निळीस थोडीं वर्षें भाव आला, तेवढाच.

तेव्हां पुडीनें कोणाला बुडविलें? निळाऱ्याला आणि आलीच्या शेतकऱ्याला. गृहिणीला नव्हे. तिच्या हातीं निळा, हिरवा, काळा हे रंग प्रथमच आले, आणि विटक्या लुगड्याला दुसरा जन्म मिळूं लागला. निळाऱ्याविषयीं हळहळतांना मला माझ्या आईचा आनंद विसरवत नाहीं.

ती दर दोन-तीन वर्षांनीं पुडी आणी. जुन्या पातेल्यांत पाणी उकळून, मीठ टाकून, लांकडी दांड्यानें कापड ढवळी. आम्हां मुलांना जवळ येण्याची बंदी. एकदां वडिलांचें जुनें धोतर निळें करून तिनें खिडकीला पडदा लावला. शेजारणी पाहून गेल्या. पावसाळ्यांत तो भिजला, आणि त्याच्या निळ्या ओघळांचा डाग पुढच्या चुन्यापर्यंत आमच्या भिंतीवर राहिला.